शीळ कुणाकुणाला ऐकू आली

३ फेब्रुवारी

डबा पाठवलास आणि सोबत चिठ्ठी नाही. साबणाच्या वडीएवढा डबा, त्याला उंदराच्या शेपटीसारखी वायर, आणि खोक्यावर माझं नाव. जिने जन्मात रेडिओचं बटण सोडून दुसरं काही फिरवलं नाही तिच्या नावाने मशीन पाठवतोस आणि स्वतःच्या तोंडाला कुलूप. कुरिअरवाला सही मागत होता, तुझी आई दारात उभी राहून डोळे पुसत होती आणि तुझा बाप खाली दुकानात मान घालून बसला होता. एवढी घंटा वाजली तरी वर बघितलं नाही. जेवताना तुझ्या आईचे लाल डोळे बघून विचारलं, कोण आलं होतं. म्हटलं, कुणी नाही. खोटं कुठे होतं? डबाच आला होता.

कर्ण्या, बरा आहेस ना? पाळण्यात असताना तू असं भोकाड पसरायचास की तुझ्या बापाच्या रेडिओ-स्पीकर रिपेअरच्या दुकानातले कर्णे लाजायचे, म्हणून हे नाव मी ठेवलं. त्या कर्ण्याला आता दोन ओळी फुटत नाहीत, हा माझा राग आहे. तो आधी सांगून टाकला. आता पुढचं.

बारकी म्हणाली, आजी तू बोल, मी टाइप करून दादाला पाठवते. नको म्हटलं. मी तुला काय बोलते ते तुझ्या बहिणीला कशाला कळायला हवं? माझी शाळा दुसरीत सुटली ती सुटली. अक्षर कोंबडीच्या पायाचं. वेलांट्या इकडेतिकडे सांडल्या असतील तर उचलून घे.

तू बॅग उचलून गेलास त्या दिवशी मी दुकानातच होते, स्टुलावर बसून मटार सोलत. म्हणून मला कुणी दुसऱ्याची हकीकत सांगू नये. वरच्या मजल्यावरची टायपिंगवाली आली. लोकांची रेकॉर्ड केलेली बोलणी कानात घालून ती टाइप करते, त्याच्यावर तिचं घर चालतं. म्हणाली, लॅपटॉपमधून सारखी शीळ येते, दिवसभर ऐकून डोकं उठतं. तू कानाला लावून बघितलंस आणि म्हणालास, ही लॅपटॉपच्या पोटातली घाण आहे, आवाजाचं काम बाहेरच्या डब्याला द्या, थांबेल. मग तुझ्या बापाने कानाला लावलं. त्याने म्हटलं, शीळबीळ काही नाही, बाई, तुम्हाला भास होतोय, आणि हा माझा मुलगा आपल्या कंपनीचे डबे विकायला निघालाय. गिऱ्हाइकासमोर म्हणाला. ते वाईट केलं. तू म्हणालास, बाबा, तुम्हाला ऐकायचंच नाहीये. तेही काही गोड नव्हतं. पुढे दोघांनी मिळून काय काय खडे फोडले ते लिहीत नाही, कागद करपेल. दोघंही एका भट्टीतले. दोघांच्याही नाकावर माशी बसत नाही.

तेव्हापासून तू फोन करतोस, तो कापतो. आणि आता बारकीकडून कळलं की कंपनी तुला समुद्रापलीकडच्या शाखेत पाठवतेय, पाच वर्षांचा करार, या महिन्याच्या शेवटी सही. माझ्या वयाच्या बाईला पाच वर्षं म्हणजे काय हे मी तुला सांगणार नाही. तसलं रडगाणं तुझी आई बरं गाते.

मला एवढंच कळतं की हे भांडण एका डब्यावरून झालं. मग आधी डबा खरा की खोटा ते बघू. तू म्हणशील, आजीला यातलं काय कळतं. विजेतलं काही कळत नाही. पण मी कपाच्या कारखान्यात हाडं झिजवली. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या बोटावर टांगायचा आणि लाकडाच्या दांडीने टिचकी द्यायची. चांगला कप गातो, तडा गेलेला नुसता खाकरतो. आणि आमच्या शेडची शिस्त होती. कपाच्या बुडाला तो घडवणाऱ्याची खूण असायची, निकाल देईपर्यंत कप उलटा करायचा नाही. मग तो नणंदेच्या हातचा असो की जिच्याशी तुमचं बोलणं बंद आहे तिच्या हातचा. आधी कान, मग बूड. तुझा डबा मी तसाच तपासणार. नातू म्हणून सूट नाही.

माझं पत्र येईपर्यंत सही करू नकोस. पत्र आलं नाही तर मी मेले समज, आणि मेले तर घरचे कळवतीलच.

आजी

१२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पोस्टमनने जिने चढून आणल्या, मला त्याची दया आली. दोन ओळी डब्याच्या, वायर कुठे खुपसायची त्याच्या. तिसरी बापाची: बाबांनी माझा आवाज ऐकला आणि फोन कापला, आता मी परत करणार नाही. चौथी, तब्येतीची काळजी घे. माझी तब्येत मजेत आहे, ती बसून असते, कामं मी करते.

डब्याची परीक्षा झाली. रविवारी दुकान बंद ठेवून घेतली. तुझा बाप तयार नव्हता. मी म्हटलं, तुला डबा खोटा ठरवायचाय ना, मग सगळ्यांसमोर ठरव, नुसती जीभ काय उचलतोस. मग आला. टायपिंगवालीला वरून बोलावली, तिचाच लॅपटॉप, तिचाच कानावरचा पट्टा. काउंटरच्या आड दोरीवर चादर टांगली. चादरीमागे बारकी. लॅपटॉपला कानाचं स्वतःचं भोक असतंच, आणि दुसऱ्या बाजूने तुझा डबा जोडलेला. बारकीने पट्ट्याची पिन कधी इथे खुपसायची, कधी तिथे, आणि कुठे खुपसली ते सांगायचं नाही. आम्ही चादरीकडे पाठ करून बसलो. ओळीने पट्टा घालायचा, तेच गाणं दोनदा ऐकायचं, आणि पहिलं बरं की दुसरं ते बोटाने दाखवायचं. बोलायचं नाही. तुझ्या आईला हे फार जड गेलं.

पहिल्या फेरीत आम्ही तिन्ही बायकांनी दुसऱ्याला बोट दाखवलं. चादर वर केली तर दुसरा तुझा डबा. तुझी आई अशी फुलली जशी काय तिनेच तो घडवला. मी पण म्हटलं, चला, झालं काम, पत्र लिहायला घेऊ.

तुझा बाप हसला. रागाने नाही, दुकानदार हसतो तसा. म्हणाला, डबा जरा मोठ्याने वाजतोय. मोठा आवाज सगळ्यांना गोडच लागतो, स्पीकरवाले याच्यावरच बंगले बांधतात. मग त्याने मीटर काढला, पिनेला लावला आणि डब्याचं बटण मागेपुढे करत दोन्हीकडे काटा एकाच रेघेवर आणून ठेवला. हात अजून छान चालतो त्याचा. बघत राहावं.

लॅपटॉपची चार्जरची वायर तेव्हा काढलेली होती, हे लक्षात ठेव. काटा सारखा केल्यावर दुसरी फेरी झाली आणि आमची सगळ्यांची दातखीळ बसली. तुझी आई आधी म्हणाली पहिलं, मग दुसरं, मग म्हणाली दोन्ही घेऊ या का, जसं कापड निवडायला आलीय. टायपिंगवाली कानाचीच भाकरी खाते, तरी तिने डब्याला लॅपटॉप म्हटलं आणि लॅपटॉपला डबा. मी प्रामाणिकपणे सांगितलं, मला दोन्हीत केसाएवढा फरक लागत नाही. मग तुझ्या बापाने कानाच्या पट्ट्याऐवजी फळीवरचा तो जुना लाकडी स्पीकर जोडला, आणि त्याच लॅपटॉपमधून असं गाणं निघालं की रस्त्यावरचा माणूस थांबला. म्हणाला, आवाज सुधारायचा तर तोंड बदला, नरडं बदलून काय होणार.

तर हा निकाल. कडू आहे, पण तू मागितलास तो घे.

त्यानंतर चहा झाला. सगळे आपापल्या कामाला गेले. आणखी सांगण्यासारखं काही नाही.

आता मी तुला एक विचारते. फोनवर तू बापाला नक्की काय म्हणालास आणि तो काय म्हणाला? शब्दाला शब्द लिही. तुला त्याचा अर्थ काय वाटला ते लिहू नकोस, अर्थ लावायला मी बसलेय. कुठल्या फोनवर बोलला, वरच्या की दुकानातल्या, तेही लिही. कशाला हवंय म्हणून विचारू नकोस.

तुझा बाप पाठ करून बसला असला आणि मी काही बोलले तर उत्तर देत नाही. मी त्याला माज म्हणायचे.

सही थांबव.

आजी

१८ फेब्रुवारी

शब्द मिळाले. या खेपेला पानभर लिहिलंस, म्हणजे तुला येतं.

तू म्हणालास, बाबा, मला लांब जायची संधी आलीय, जाऊ का. तो म्हणाला, बरं. तू म्हणालास, तुम्हाला काहीच वाटत नाही का. तो म्हणाला, बरं बरं, ठीक आहे. आणि ठेवला. दुकानातल्या फोनवर.

मी हे दोनदा वाचलं. एकदा खिडकीत, एकदा पोळी तव्यावर असताना. पोळी करपली, ती तुझ्या आईच्या नावावर घातली.

आज जास्त लिहीत नाही. मला एक गोष्ट आधी वाजवून बघायची आहे. खात्री होईस्तोवर कप टोपलीत टाकायचा नाही आणि फोडायचाही नाही, बाजूला ठेवायचा, ही जुनी सवय. तोवर सही करू नकोस. हे मी हौसेने सांगत नाही.

आजी

२२ फेब्रुवारी

त्या रविवारचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. चहा झाला हे खरं. पण त्याच्या आधी तिसरी फेरी झाली.

तुझा बाप लाकडी स्पीकर वाजवून खुशीत आला होता. तेवढ्यात टायपिंगवाली म्हणाली, पण काका, माझी शीळ तर चार्जर लावल्यावर येते, बॅटरीवर नाही. बारकीने चार्जर लावला. पुन्हा चादर, पुन्हा पाठ. या वेळी गाणंही नको म्हटलं, एक माणूस बोलतोय असं काहीतरी लावलं, मधेमधे थांबणारं. लॅपटॉपच्या भोकातून ऐकलं तर तो माणूस थांबला की मागे बारीक शीळ, डास गाऱ्हाणं सांगतोय अशी. टायपिंगवालीने कपाळच धरलं. तुझ्या आईने तोंड वाकडं केलं. माझ्या कानांना दोन श्वास जास्त लागले, पण सापडली. मग पिन डब्यात गेली आणि डास मेला. माणूस थांबला की नुसती शांतता, पुसलेल्या काचेसारखी.

म्हणजे तू पण खरा आणि तो पण खरा, आणि दोघांनी आपापला तुकडा हातात धरून एकमेकांची डोकी फोडली. हे तुझ्या कंपनीला कळव माझ्या नावाने: डबा गाणं गोड करत नाही. लॅपटॉपच्या पोटात घाण असेल तर डबा ती बाहेर ठेवतो. जिथे घाण नाही तिथे त्याला काम नाही. असं खोक्यावर छापून विका. टायपिंगवालीने डबा ठेवून घेतलाय, परत मिळणार नाही, तो विषय सोड.

पण मी हे सांगायला बसलेली नाही.

शेवटी पट्टा तुझ्या बापाच्या कानावर गेला. बारकीने पिन इकडची तिकडे केली. तो म्हणाला, काही फरक नाही. बारकीने परत केली. त्याने दोन्ही हात पट्ट्यावर दाबले, डोळे मिटले, बारीक काही ऐकताना मिटतो तसे. म्हणाला, दोन्ही सारखे. तुझी आई म्हणाली, अहो, आत्ता तर एवढी शीळ वाजत होती. तिला वाटलं हा अडून बसलाय. मलाही आधी तसंच वाटलं. पण अडून बसलेला माणूस आपल्याकडे बघतो, कसं केलं म्हणून. हा आमच्याकडे बघत नव्हता. हा डोळे उघडून मीटरकडे बघत होता. पिनेला लावलेला मीटर वायर ओढून चादरीच्या अलीकडे त्याच्या समोरच ठेवलेला होता, आणि लॅपटॉपच्या वेळी काटा थरथरत होता, डब्याच्या वेळी गप्प. त्याने काटा पाहिला. दोनदा पाहिला. मग मीटर बंद केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. मी म्हटलं, चहा टाका.

हा तोच माणूस, जो जिन्यावरून चढणाऱ्याच्या चपलेवरून कोण आलं ते सांगायचा. रस्त्यावरून मोटार गेली की म्हणायचा, हिचा पट्टा सैल आहे.

मग मला एकेक आठवायला लागलं. टीव्हीचा आवाज वाढत गेला, आम्ही म्हटलं बारकी वाढवते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो त्याच्या तोंडाकडे टक लावतो, आम्ही म्हटलं आदब आली. दारावर घंटा वाजते आणि तो वर बघत नाही. पाठीमागून हाक मारली की ओ नाही. घरात सगळे एकमेकांवर ओरडायला लागलो आणि समजलो की आपला स्वभावच तसा. सगळ्या घरादाराचा आवाज चढला तरी का चढला हे कुणी विचारलं नाही. आमच्यासारखे आम्हीच.

तुझं ते बरं बरं वाचलं आणि मी कप काढले. कारखान्यातला एक चांगला आणि ज्यात मी बटणं ठेवते तो केसाएवढ्या तड्याचा. तुझा बाप लहान असताना हा आमचा खेळ होता. तो भिंतीकडे तोंड करायचा, मी टिचकी मारायची, तो सांगायचा फुटका की धड. कधी हरला नाही. परवा सकाळी तो टेबलाशी पेपर वाचत होता, माझ्याकडे पाठ. मी चांगला कप वाजवला. असा गायला की तुझी आई आतून म्हणाली, अहो आई, काय पडलं? त्याने पान उलटलं. मी फुटका वाजवला. त्याने वाचणं सोडलं नाही. मी म्हटलं, यातला फुटका कोणता रे? तेही त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

मग मी फिरून त्याच्या समोर जाऊन बसले. दोन्ही कप त्याच्या पेपरवर ठेवले. त्याने कपांकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"कधीपासून?" मी म्हटलं.

"काय कधीपासून?"

"मोठ्याने विचारू? शेजाऱ्यांचीही सोय होईल."

त्याने पेपरची घडी घातली. चांगली चापूनचोपून घातली. "डावा आधी गेला. उजव्याचं मलाही उशिरा कळलं. कर्णे तपासताना कानाशी धरायचो ना, आई. किती वर्षं धरले."

"आणि फोन?"

"फोनवर पोराचा आवाज येतो. शब्द येत नाहीत. नुसतं पिठासारखं काहीतरी येतं. दुकानातल्या फोनचा आवाज तर मेलेलाच आहे. बरं म्हणतो आणि ठेवतो. दोनदा काय, काय म्हटलं तर त्याच्या लक्षात येईल की."

"मग येऊ दे."

"रिपेअरवाल्याचा कान गेला म्हणून सांगू त्याला? मीच त्याला ऐकायला शिकवलं." मग तो बराच वेळ बटणांच्या कपात बोट फिरवत बसला. "त्या दिवशी मला खरंच शीळ लागली नव्हती. मला वाटलं, पोरगा माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला टोपी घालतोय."

ऐकलंस? त्याला वाटलं तू फसवतोयस. तुला वाटलं तो हट्टाला पेटलाय. आणि शीळ बिचारी दोघांच्या मधे बसून वाजत होती.

त्याने माझ्याकडून वचन घेतलं की पोराजवळ यातलं एक अक्षर तोंडातून काढणार नाही. मी दिलं. वचन तोंडाचं होतं, हे मी हाताने काढतेय. त्याला कळलं की तो माझ्यावर ओरडेल. ओरडू दे. त्यातलं अर्धं त्याला स्वतःलाच ऐकू येणार नाही.

काल त्याला कानाच्या डॉक्टरणीकडे नेला. तुझ्या आईला सगळं सांगितलं, ती रडली, मग तिला म्हटलं, रडून झालं असेल तर त्याचा धुतलेला शर्ट काढ. डॉक्टरणीने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. सुरुवातीला भराभर दाबत होता. मग मधे मोठी मोठी अंतरं पडायला लागली. अंतर पडलं की तो डॉक्टरणीच्या हाताकडे चोरून बघायचा, कधी दाबतेय म्हणून. साठीला आलेला माणूस, परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरासारखा. तिने खुर्ची फिरवून बसवला. चांगली बाई आहे. आमच्या शेडमध्ये चालली असती.

ती म्हणाली, जाडे आवाज शाबूत आहेत, बारीक आवाज गेलेत, म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. गेलेलं परत येत नाही. दोन्ही कानांना मशीन लावावं लागेल.

त्यावर तुझा बाप काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, बाहेरून डबा लावून आवाज सुधारत नसतो. डॉक्टरणीच्या तोंडावर म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, तू आता बॅटरीवर नाहीस, तुझा चार्जर लागलाय. डॉक्टरणीला काही कळलं नाही. त्याला कळलं. ओठ आत घेऊन बसला, पण हसू मिशीतून सांडत होतं.

डॉक्टरणीने सांगितलं की हे मशीन चष्म्यासारखं नाही, घातलं की दिसलं. प्रत्येक कानाचं वेगळं जुळवावं लागतं, कोणता सूर किती वर घ्यायचा, पुन्हा पुन्हा बसून. नुसता आवाज मोठा केला की माणूस पहिल्या दिवशी खूश आणि महिनाभरात मशीन कपाटात. तिथे मला आपला काटा आठवला. त्यालाही आठवला असणार, कारण घरी येताना तो म्हणाला, घेईन, पण चादरीमागून तपासल्याशिवाय घेणार नाही. मी म्हटलं, बस बारकीला घेऊन. म्हणाला, बारकीचं काम नाही ते, आवाजातलं कळणारं माणूस पाहिजे. नाव घेतलं नाही. दुकानात आल्यावर तुझं स्टूल फडक्याने पुसलं आणि होतं तिथेच परत ठेवलं, जशी काय मी आंधळी आहे.

आता तुझ्या सहीचं. जा म्हणत नाही, जाऊ नको म्हणत नाही. काम चांगलं असेल तर जा. माणसं जातात, येतात, मी कुणाच्या पायात पाय घालत नाही. पण बाप बरं म्हणाला म्हणून जाऊ नकोस. त्याने प्रश्न ऐकलेलाच नाही. न वाजवलेल्या कपावर निकाल नसतो.

तर मी सांगते तसं करायचं. फोन नाही. तोच प्रश्न, जसा फोनवर विचारला होतास तसाच, कागदावर लिहायचा, आणि खाली लिहायचं की मशीन जुळवायला तू कधी येतोस, की येत नाहीस. कानाबद्दल आजीने सांगितलं असं खुशाल लिही. अक्षर मोठं काढू नकोस, तो बहिरा आहे, आंधळा नाही. पत्र दुकानाच्या पत्त्यावर, त्याच्या नावाने. मला उत्तर नको, तुझ्या आईला नको, बारकीच्या मोबाईलवर तर मुळीच नको. तू त्याला लिहायचं आणि उत्तर त्यानेच द्यायचं, स्वतःच्या हाताने. कागद आणि पेन त्याच्या मीटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. पाकीट पोस्टात मी टाकणार, आणि टाकायच्या आधी वाचणार. त्याने नुसतं बरं लिहिलं असेल तर परत लिहायला बसवीन.

आजी